कोल्हापूरच्या राजारामपुरीत फ्लूची लस घेतली, अनुभव
मी स्वतः नर्स, तरी चार वर्षं टाळाटाळच केली, म्हटलं रोज पेशंटांच्या खोकल्यातच असतोय, आपल्याला काय हुतंय. गेल्या पावसाळ्यात आठ दिवस झोपून काढले, वर सासूबाईंनाबी ताप दिला, मग यंदा मे महिन्यातच एका छोट्या क्लिनिकात जाऊन टोचून घेतली. सिस्टरनं लसीच्या फ्रीजचं टेंपरेचर दाखवलं, पाहिजे तसं 2 ते 8 डिग्रीच्या आतच होतं, एक्सपायरी वाचून दाखवली, हात तर लई हलका. दुसऱ्या दिवशी दंड ठणकला पण ड्युटी चुकली नाही. आमच्या वॉर्डातल्या पोरी म्हणतात लसीनंच फ्लू होतोय, अगं इंजेक्शनात मेलेला व्हायरस, त्यानं कुठनं फ्लू होणार! लसीला जोर धरायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून पावसाआधीच जावा. पार्किंगचा मात्र वांदा, आणि बिल मागितल्याशिवाय देत नाहीत.