ग्रास कटरच्या 'बोअरिंग'चे ४,५०० रुपये

४३ सीसीच्या टू-स्ट्रोक ग्रास कटरचा 'ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकतो' असं कोणी म्हणालं, तर मशीन उचला आणि घरी या. या मशीनचा ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन चालतो तो सिलिंडर, ॲल्युमिनियमचा असतो, आतून क्रोमचा पातळ थर. तो खरवडला की ब्लॉक भंगारात. बोअर मारतात, म्हणजे आतून कातून भोक मोठं करतात, तो जुन्या स्कूटर-मोटरसायकलच्या बिडाच्या स्लीव्हला. हे मला माहीत होतं, तरी मी पैसे मोजले.

बोअरिंग ८५०, ओव्हरसाइज पिस्टन-रिंगा १,२५०, नवा कार्बोरेटर ९००, दोन ऑइल सील १६०, गॅस्केट १४०, मजुरी १,२००. एकूण ४,५००. कच्च्या चिठ्ठीवर, शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही.

जाम झालेलं मशीन सकाळी दहाला दिलं, साडेबाराला तयार. बोअरिंगचं लेथ चाळीस किलोमीटरवर. अडीच तासांत ब्लॉक उतरवला कधी, नेला कधी, आणला कधी? हा प्रश्न तिथेच, काउंटरवर विचारायला हवा होता. जुना पिस्टन मागितला तर 'भंगारवाला घेऊन गेला' म्हणे. त्यावरही मी गप्प. बेणणीचे दिवस होते, बागेत कमरेएवढं गवत आणि दोन गडी रोजावर बसून. अशा वेळी माणूस चिठ्ठी वाचत नाही, मशीन सुरू झालं की निघतो. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं.

तीन तासांत मशीन पुन्हा जाम. या वेळी स्वतः उघडलं. पिस्टन जुनाच, पॉलिश पेपरने घासलेला. एक रिंग काजळीत अडकलेली. स्कर्टला, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागाला, व्हर्नियरचं माप लावलं तर माप ४० मिलिमीटरच्या आत, म्हणजे कंपनीचंच. पाव मिलिमीटर वाढीव पिस्टन ४० च्या वर भरतो. सील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या दोन्ही बाजूंना हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, कडक, जुने. कार्बोरेटर फक्त पेट्रोलने धुतलेला, आतला रबरी पडदाही बदललेला नाही.

मुळात मशीन जाम का झालं, हे दुकानदाराने पाहिलंच नाही. सायलेन्सरचे दोन बोल्ट काढले की पोर्टमधून, म्हणजे धूर बाहेर पडायच्या भोकातून, पिस्टन दिसतो, पाच मिनिटांचं काम. ओरखडे चारी बाजूंनी असतील तर तेल कमी पडलंय. फक्त सायलेन्सरच्या बाजूला आणि प्लग पांढरा असेल, तर हवा जास्त, पेट्रोल कमी. कार्बोरेटरच्या बाजूला असतील तर फिल्टरमधून माती. माझा प्लग पांढराफेक होता. ॲक्सिलेटर सोडल्यावर आवाज लगेच खाली बसत नव्हता, पातं फिरतच राहायचं. सीलमधून हवा ओढली जात असल्याची ही सरळ खूण. अशात नुसता पिस्टन बदलला तर तोही जळतो.

ही गळती तपासायला रक्तदाबाच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि काटा पुरतो. कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं रबराने बंद करा, प्लग लावलेला असू द्या, काट्यावर ३०० पर्यंत हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडा. काटा उतरला की बुडबुडे शोधा. माझ्याकडे फ्लायव्हीलच्या मागच्या सीलला फेस आला.

ब्लॉकला चिकटलेलं ॲल्युमिनियम संडास साफ करायच्या ॲसिडने निघतं. हातमोजे घाला, उघड्यावर बसा, ॲसिडचा बोळा फक्त चिकटलेल्या पट्ट्यावर, पोर्टच्या कडांना लागता कामा नये. धुऊन लगेच तेल लावा. खाली क्रोम शाबूत असेल तर ब्लॉक वाचतो. माझा वाचला असता, पण त्या माणसाने खरखरीत पेपर मारून थर उडवला होता.

नवा पिस्टन बसवताना त्यावरचा बाण सायलेन्सरकडे. गजनपिनच्या, म्हणजे पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या, जुन्या लॉक-क्लिपा परत वापरू नका, एखादी सुटली तर ब्लॉक फाडते. माझ्या पुस्तिकेत पेट्रोल-तेलाचं प्रमाण २५:१ आहे, म्हणजे लिटरला ४० मिली टू-टी ऑइल. ते मापाने घाला, झाकणाच्या अंदाजाने नको. इथेनॉलचं पेट्रोल महिनाभर टाकीत ठेवू नका, ते पाणी धरतं.

चौकीत गेलो तर 'हे दिवाणी प्रकरण'. दुसऱ्या कार्यालयात 'पक्कं बिल आणा'. अरे, पक्कं बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! तिसऱ्या ठिकाणी दोन फेऱ्या झाल्या, साहेब दौऱ्यावर. बसभाडं आणि बुडालेले दोन रोज मिळून १,३८० गेले, पोच अजून नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हे तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही.

मशीन देताना पिस्टनवर आणि कार्बोरेटरच्या पोटात खिळ्याने खूण करा आणि फोटो काढा. मी ती केली नव्हती, म्हणून 'हा आमच्याकडचाच पिस्टन कशावरून?' असं तो माझ्या तोंडावर विचारू शकला.