पुरीमचा मेळा, मात्साची भट्टी की सरावाचा सेदेर?

ज्यूंचे दोन सण: पुरीम हिब्रू पंचांगातल्या अदार महिन्याच्या १४ तारखेला आणि मिसरमधल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटकेचा सण पेसाह पुढच्या निसान महिन्याच्या १५ तारखेला. मधे जेमतेम महिना. सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) रविवारच्या वर्गाला त्यात चार रविवार मिळतात आणि मुंबई-ठाण्यात त्यातलाही एखादा वार्षिक परीक्षेत जातो. शिकवणारे दोघं-तिघं, तेही नोकरी सांभाळून. सगळंच करायला गेलं की कशातच रंग भरत नाही. त्यामुळे यंदा जोर कशावर द्यायचा, हे आधीच ठरवलेलं बरं. मी असा वर्ग बरीच वर्षं घेते आहे आणि माझं मत ठाम आहे: एकच जमणार असेल तर सरावाचा सेदेर, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या विधिवत जेवणाची तालीम, करा.

पुरीमच्या मेळ्याला गर्दी सहज होते. कोणी पुरीमच्या कथेतली राणी एस्तेर होऊन येतं, कोणी तिचा नातलग मर्दखय. पुरीमला वाचतात त्या मेगिलात, म्हणजे एस्तेरच्या ग्रंथात, ज्यूंच्या जिवावर उठलेल्या हामानचं नाव ५४ वेळा येतं आणि ते दडपायला खुळखुळे वाजवतात. खुळखुळा कधी वाजवायला मिळतोय म्हणून एरवी चुळबुळणारी मुलंही कान टवकारून बसतात. पण खर्च तिन्हींत जास्त इथेच होतो; खेळांचे स्टॉल, बक्षिसं, भाड्याचे पोशाख. आणि या धामधुमीत सणाची खरी कर्तव्यं मागे पडतात. मेळा करायचाच असेल तर एक स्टॉल कमी करून तिथे पुडे बांधायचं टेबल मांडा. प्रत्येक पुड्यात लगेच खाता येतील असे दोन पदार्थ घालायचे आणि मुलांनी स्वतः ते कुणाच्या तरी घरी नेऊन द्यायचे. शिवाय दोन गरजूंना द्यायचे पैसे बाजूला काढायचे. माझ्या मते मेळ्यात एवढं टेबल तरी हवंच.

मात्साच्या, म्हणजे पेसाहच्या बिनखमिराच्या पोळीच्या, भट्टीत लहान मुलं जी रमतात, ती दुसऱ्या कशातच नाहीत. पीठ एका टेबलावर, पाणी लांब दुसऱ्या टेबलावर. पाणी पिठात पडलं की घड्याळ लावायचं आणि १८ मिनिटांच्या आत मळणं, लाटणं, टोचणं, भाजणं सगळं उरकायचं. त्यापुढे पीठ आंबायला लागलं असं धरतात. आपल्या मुलांना एक सवय मोडावी लागते: घरात पोळी टम्म फुगली की शाबासकी मिळते, इथे फुगली तर चुकलं. म्हणून लाटल्या लाटल्या काट्याने भोकं पाडायची. एकदा सांगून मुलांना पटत नाही. न टोचलेली एक मात्सा मुद्दाम तव्यावर टाकून दाखवा, मग ती आपणहून काटा उचलतात. मिसरमधून निघालेल्यांना पीठ आंबेपर्यंत थांबायला वेळ नव्हता, हे सहा वर्षांच्या मुलाला घड्याळाच्या घाईतून जितकं कळतं तितकं गोष्टीतून कळत नाही.

अडचणी दोन. ओटीजीत एका वेळी तीन-चारच मात्सा मावतात, म्हणजे रांगेतल्या शेवटच्या मुलाची वेळ टळतेच. पीठ एकदम न मळता मूठमूठभर मळा आणि जोडीला दोन-तीन तवे ठेवा. दुसरं म्हणजे, दुकानातल्या साध्या पिठाची ही मात्सा पेसाहला चालत नाही. मुलांनी ती तिथेच खाऊन संपवावी, प्रेमाने डब्यात घालून घरी पाठवू नये. पुण्यात १८७४ साली छापलेल्या मराठी हग्गादात (सेदेरला वाचायच्या पोथीत) लुगडं नेसलेल्या बायका मात्सा करताना दाखवल्या आहेत. ते चित्र भट्टीच्या आधी मुलांना जरूर दाखवा. आपल्याच पणज्या वाटतात त्या, आणि मुलं लगेच विचारतात, "आमची आजीपण अशीच बसायची का?"

आता सेदेर. त्याचा सराव कंटाळवाणा होतो अशी पालकांची तक्रार असते आणि ती खोटी नाही. शिक्षक तासभर वाचतात, मुलं ताटाकडे बघत बसतात. उपाय सोपा आहे: पंधरा टप्पे मुलांत वाटून द्या. वर्गातल्या सगळ्यात धाकट्याने 'मा निश्तना' ('ही रात्र वेगळी का?' हे चार प्रश्न) विचारायचं, मोठ्यांनी मराठीतून उत्तर द्यायचं, कोणी हात धुवायला पाणी घालायचं, कोणी आफिकोमन (जेवणाच्या शेवटी खायचा मात्साचा तुकडा) लपवायचा. वाईनच्या जागी काळ्या मनुकांचं शरबत चार वेळा, पेल्यात घोटभरच. कडू पाला प्रत्येकाने चावायचाच. तोंड वाकडं झालं की गुलामीबद्दल बोलायला सुरुवात करा. मग खजूर शिजवून, गाळून, आटवलेला पाक. त्यात सुकामेवा घालणार असाल तर कोणाला त्याची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारून घ्या.

मेळ्यातला पोशाख दुसऱ्या दिवशी कपाटात जातो. सरावाच्या सेदेरमध्ये चार प्रश्न पाठ झालेलं मूल पंधरवड्याने आपल्या घरच्या ताटासमोर तेच प्रश्न विचारतं आणि घरातल्या मोठ्यांना उत्तर द्यावंच लागतं. ज्या घरात हग्गादा वाचणारं आता कोणी उरलं नाही, तिथे तर मुलामुळेच सेदेर मांडला जातो. माझं पारडं सेदेरकडे झुकतं ते यामुळे.

वर्गात सहा वर्षांखालची मुलंच जास्त असतील, तर मात्र भट्टी घ्या आणि सेदेरमधले चार प्रश्न तेवढे जोडा. हातात एकच तास आणि पैसे शून्य असतील तर हामेत्झ (पेसाहला वर्ज्य असलेले आंबवलेले पदार्थ) शोधण्याचा खेळ पुरतो: मेणबत्ती, पीस, लाकडी चमचा आणि कागदात गुंडाळून लपवलेले पावाचे दहा तुकडे. लपवलेल्या जागा मात्र लिहून ठेवा.

तारखेचंही बघा. पेसाहच्या आदल्या दिवशी मात्सा खात नाहीत, काही घरांत तर निसान लागल्यापासूनच बंद करतात. म्हणून सरावाचा सेदेर अदारच्या शेवटच्या रविवारी ठेवा आणि तारीख पक्की करण्याआधी हझानना (सिनेगॉगमधली प्रार्थना चालवणाऱ्यांना) विचारा.