ज्यू डे स्कूल: कमी फीची नवी शाळा, जुन्या शाळेतली सवलत की बिनफीची चार्टर?

तीन मुलं, दोन पगार आणि शाळेची फी घराच्या हप्त्याहून जास्त. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या, ज्यू घरांना हे गणित नवं नाही. तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ), हिब्रू आणि गणित-विज्ञान एकाच छपराखाली शिकवणाऱ्या 'डे स्कूल'मध्ये मुलाला घालणं तिथे हौसेचा भाग नाही, जवळजवळ रीतच आहे. २००८च्या मंदीत नोकऱ्या गेल्या आणि फीबद्दलची कुरकूर सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनास्थळाच्या, बाकांवरून उठून उघड सभांमध्ये आली. त्यानंतर काही वर्षांत कमी फीच्या नव्या शाळा निघाल्या. न्यू जर्सीतल्या बर्गेन काउंटीत २०१२ साली 'येशिवात हेआतिद' सुरू झाली, ती वर्षाला साधारण ९,००० डॉलर फी लावून. आसपासच्या नावाजलेल्या प्राथमिक शाळा तेव्हा १५,०००च्या घरात होत्या. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ 'वेस्टचेस्टर तोरा अकॅडमी' त्याच धर्तीवर निघाली.

त्या भागातल्या एखाद्या कुटुंबाला आज निवड करायची असेल तर पर्याय मुख्यतः तीन: नवी स्वस्त शाळा, जुन्या शाळेत फी-सवलत, किंवा सरकारी पैशावर चालणारी हिब्रू चार्टर शाळा. माझं मत आधीच सांगून टाकतो. फीचा आकडा दुसऱ्या नंबरवर ठेवा; फी आणि खर्च यांच्यातली तफावत कोण भरतंय आणि किती वर्षं भरणार आहे, हे आधी विचारा.

स्वस्त शाळा स्वस्त कशी?

डे स्कूलचा बहुतेक खर्च पगारांवर जातो. अर्धा दिवस धार्मिक विषयांचे शिक्षक, अर्धा दिवस शालेय विषयांचे. म्हणजे एकाच वर्गामागे शिक्षकांचे दोन संच, आणि दिवसही लांबलचक. फी उतरवायची तर कात्री इथेच लावावी लागते. नव्या शाळांनी त्यासाठी संगणकाचा आधार घेतला. वर्गाचे तीन-चार गट पाडायचे. एक गट शिक्षिकेसमोर बसून वाचन करतो, दुसरा हेडफोन लावून स्क्रीनवर गणितं सोडवतो, तिसरा आपापली वही घेऊन बसतो. ठरावीक वेळाने गट जागा बदलतात. शिक्षिकेसमोर एका वेळी मोजकीच मुलं असतात, त्यामुळे वर्गाची एकूण संख्या वाढवता येते. कार्यालयात माणसं कमी, पर्यवेक्षक कमी, शक्यतो इमारतही भाड्याची.

वर्गाच्या आकाराचा हा वाद या समाजात फार जुना आहे. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्र-ग्रंथात, बावा बात्रा या प्रकरणात, एका शिक्षकामागे पंचवीस मुलं असा हिशेब दिला आहे. चाळीस झाली तर मदतनीस द्यायचा आणि त्याचा खर्च गावाने उचलायचा. पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न तिथेही वर्गाच्या संख्येला चिकटूनच आला आहे.

पद्धत म्हणून मला ही गटांची मांडणी पटते, निदान खालच्या इयत्तांत. पण पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: सुरुवातीच्या वर्षांतली कमी फी पुष्कळदा केवळ काटकसरीतून आलेली नसते. संस्थापकांच्या देणग्या त्यात मुरलेल्या असतात. शिवाय नवी शाळा बालवर्गापासून सुरू होते आणि दर वर्षी एक इयत्ता वाढवते. शिक्षक तरुण, म्हणून पगार पायथ्याचे. सहावी-सातवीला विषयवार शिक्षक लागतात, प्रयोगशाळा लागते, समुपदेशक लागतो. शिक्षकही तोवर अनुभवी झालेले असतात, त्यांना पगारवाढ हवी असते. फी तेव्हा चढतेच.

म्हणून प्रवेशाच्या सभेला गेलात तर वर्गातल्या टॅब्लेटचं कौतुक ऐकून घ्या आणि मग विश्वस्तांना गाठा. फीतून खर्चाचे किती टक्के भागतात? उरलेले एका देणगीदाराकडून येतात की पन्नास जणांकडून? तो देणगीदार उद्या थांबला तर? आणि भाडेकरार किती वर्षांचा आहे? उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर तेही उत्तरच समजा.

एकाच मोठ्या देणगीवर फी उतरवण्याचं ठळक उदाहरण टोरांटोचं आहे. तिथल्या 'टॅननबॉमचॅट' या हायस्कूलने २०१७ साली सुमारे दीड कोटी डॉलरच्या देणग्यांच्या जोरावर फी २८,००० कॅनेडियन डॉलरवरून १८,५००वर आणली. त्याच दमात दोनपैकी एक कॅम्पस बंद केला. गळती लागलेली पटसंख्या पुन्हा वाढू लागली. यात दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या हे महत्त्वाचं: बाहेरून पैसा आला आणि आतला खर्चही कमी झाला. नुसत्या देणगीवर फी उतरवणारी शाळा मला धोक्याची वाटते.

मराठी वाचकाला याचा एक धागा घराजवळ सापडेल. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत बेने इस्रायली, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, मुलांसाठी 'इस्रायलाइट स्कूल' काढलं, ते लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनच्या मदतीवर. पुढे मोठ्या देणगीनंतर त्याला सर एली कदूरींचं नाव मिळालं. माझगावची ही शाळा आजही चालू आहे, पण समाज इस्रायलला गेला आणि आता पटावर बहुतेक मुलं ज्यू नाहीत. देणगी टिकली, विद्यार्थी बदलले.

जुन्या शाळेतली सवलत

इथे छापील फी भारी, पण ती पूर्ण भरणारे सगळेच नसतात. अर्ज करायचा, दोघांची कर विवरणपत्रं जोडायची, गाडी कोणती, घराचं कर्ज किती, सुट्टीत कुठे गेला होता, सगळं लिहायचं. मग समिती ठरवते. समितीत बसलेला माणूस शनिवारी सिनेगॉगमध्ये तुमच्या शेजारी असू शकतो. काही शाळा म्हणूनच हे काम बाहेरच्या संस्थेकडे देतात. तशी सोय असेल तर मोठा भार उतरतो.

उत्पन्न खरंच कमी असेल तर हा मार्ग सगळ्यात स्वस्त पडतो, नव्या शाळेपेक्षाही. मधल्या घरांची मात्र गोची होते. कागदावर पगार चांगला, हातात काही उरत नाही, आणि बर्गेनमध्ये घराचा मालमत्ता कर वर्षाला १०,००० डॉलरच्या वर सहज जातो. त्या करातून सरकारी शाळा चालतात, जिथे यांची मुलं जात नाहीत. वर पूर्ण फी भरणाऱ्याच्या पैशातला काही भाग सवलतवाल्यांसाठी वळवलेला असतो, हे दोघांनाही माहीत असतं, आणि त्यातून जो अबोला तयार होतो त्याची किंमत कुठल्या पावतीवर नसते. हा भार फक्त पालकांवर राहू नये म्हणून बर्गेनमध्ये २००९च्या सुमारास 'एनएनजेकिड्स' हा निधी निघाला: मुलं शाळेत असोत-नसोत, समाजातल्या प्रत्येकाने दरमहा थोडं द्यायचं आणि ते शाळांना वाटायचं. कल्पना उत्तम, पण फी उतरेल एवढी रक्कम त्यातून उभी राहणं अवघड.

आकड्यांत पाहू. समजा जुन्या शाळेची फी १८,००० आणि नवीची ११,०००. तीन मुलांचे ५४,००० विरुद्ध ३३,०००. जुन्या शाळेने एकूण २१,०००हून जास्त सवलत दिली तरच ती स्वस्त. पण सवलत दर वर्षी नव्याने मागावी लागते. बढती मिळाली की कमी होते. यात नोंदणी, सुरक्षा शुल्क, इमारत निधी आणि वार्षिक डिनरची सक्तीची वर्गणी धरलेली नाही. ती दोन्हीकडे लेखी मागून घ्या. करात सूट मिळेल या आशेवर राहू नका: लॉस एंजेलिसच्या एका जोडप्याने फीचा धार्मिक शिक्षणाचा भाग देणगी म्हणून दाखवायचा प्रयत्न केला, तो अपील न्यायालयाने २००८ साली फेटाळला.

चार्टर शाळा

फ्लोरिडात २००७ साली अमेरिकी संसदेचे माजी सदस्य पीटर डॉइच यांनी 'बेन गामला' ही पहिली हिब्रू चार्टर शाळा काढली. न्यू जर्सीत ईस्ट ब्रन्सविकला २०१०पासून 'हातिक्वा' आहे. फी शून्य, प्रवेश सोडतीने, सगळ्या धर्मांच्या मुलांना खुला. हिब्रू भाषा शिकवतात. प्रार्थना आणि तोरा नाही, कायद्याने चालतच नाही. ते संध्याकाळच्या वर्गात वेगळे पैसे देऊन शिकायचं. भाषा आणि ओळख एवढंच हवं असेल त्या घराला हे पुरेल. ज्यांना मुलाने तालमूदमधला गमारा वाचावा असं वाटतं त्यांनी इथे वेळ घालवू नये.

राज्य बदलायचं का?

हा चौथा पर्याय हल्ली गंभीरपणे बोलला जातो. फ्लोरिडाने २०२३ साली उत्पन्नाची अट काढून टाकली. आता कुठल्याही मुलाच्या खाजगी शाळेसाठी राज्याकडून साधारण ८,००० डॉलर मिळू शकतात. तीन मुलांचे २४,००० झाले. न्यू जर्सीत राज्याकडून पाठ्यपुस्तकं, परिचारिका, सुरक्षा अशा बाबींना मदत मिळते, फीला नाही. पण स्थलांतरितांच्या रांगा लागल्या की फ्लोरिडात घरं महाग होतात आणि शाळांनाही फी वाढवायला हुरूप येतो. २०२५च्या केंद्रीय कायद्याने २०२७पासून शिष्यवृत्ती संस्थांना देणगी देणाऱ्याला १,७०० डॉलरपर्यंत करसवलत ठेवली आहे, मात्र राज्य सहभागी झालं तरच तिथल्या मुलांना उपयोग. यासाठी आज घर विकू नका.

मग कोणी काय घ्यावं? दोन नोकऱ्या, तीन किंवा जास्त लहान मुलं, सवलतीच्या रेषेच्या जरा वर: नवी शाळा, फक्त तिने निदान एक तुकडी आठवीपर्यंत पोचवलेली असावी. उत्पन्न बेताचं किंवा अनिश्चित असेल तर जुन्या शाळेत सवलतीचा अर्ज, आणि लाज बाळगू नका. एखाद्या मुलाला वाचनात किंवा लक्ष देण्यात अडचण असेल तर स्वस्त शाळेकडे विशेष शिक्षक आहे का ते वर्गात बसून पाहा. नसेल तर वाचवलेले पैसे शिकवणीत जातील. आणि हिशेब आठवीला थांबवू नका. या नव्या शाळांपैकी बहुतेक तिथेच संपतात, पुढची चार वर्षं हायस्कूलच्या पूर्ण फीची असतात, आणि तिथे सवलत मागताना समिती विचारेल की आठ वर्षांत वाचलेले पैसे कुठे आहेत.