अख्खं किचन काढलं नाही, दारंच बदलली: आमच्या मेस्त्रीच्या कामाचा रिव्ह्यू

काम जानेवारीत झालं, पण मुद्दाम पावसाळा काढून मग लिहितेय. बेळगावात लाकडाचं काम कसं झालंय ते जून ते सप्टेंबरमध्ये कळतं, मे महिन्यात काय सगळ्यांचीच दारं सरळ असतात.

आमचं घर अनगोळात. किचन एल शेपचं आणि दोन काळातलं. गॅसकडची बाजू घर बांधलं तेव्हाची, १९९८ ची, ओट्याखाली कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे आणि पुढनं लाकडी चौकट ठोकून दारं. सिंककडची बाजू २०११ ला वाढवली, तेव्हा प्लायची खोकी केली आणि त्याच्यावर ग्रॅनाइट टाकला. दारं मात्र दोन्हीकडची तेव्हाच एकदम केली, क्रीम कलरची, चकचकीत, तेव्हा फार भारी वाटायची. चौदा वर्षांत काही दारं वाकली, दोन-तीन खाली झोपली, कडेच्या पट्ट्या सुटल्या, आणि मागच्या दिवाळीत चकल्या तळताना कढईच्या कप्प्याचं दार बिजागरीसकट माझ्या हातात आलं. सासूबाई म्हणाल्या, "ते भिंतीला टेकव तिकडं, तेल तापलंय."

दिवाळी झाल्यावर आधी एका मॉड्युलर किचनच्या शोरूमला गेलो (नाव लिहीत नाही, उगीच कशाला). माणूस घरी आला, टेप लावून माप घेतलं, मोबाईलमध्ये फोटो काढले, पण एकही दार उघडून आत बघितलं नाही. म्हणाला सगळं काढावं लागेल मॅडम, जुन्यावर काम करण्यात अर्थ नाही. कोटेशन २ लाख ८५ हजार. त्यात खोक्याचं मटेरियल "इंजिनिअर्ड वुड" असं लिहिलेलं. इंजिनिअर्ड वुड म्हणजे नेमकं काय हे मी तीनदा विचारल्यावर पार्टिकल बोर्ड निघालं, म्हणजे भुसा दाबून केलेली शीट. सिंकखाली पार्टिकल बोर्ड! एकदा पाईप गळला की बिस्कीट चहात पडल्यासारखं होतं ते. आणि ग्रॅनाइट, टाइल्स, प्लंबर, जुनं काढून टाकायची मजुरी हे सगळं वेगळं, ते कोटेशनच्या खाली बारीक अक्षरात. प्लायच्या खोक्यांवर ग्रॅनाइट बसलेला असतो तेव्हा खोकी काढायची म्हणजे आधी ग्रॅनाइट उचलायचा, आणि सिंकसाठी जिथं कापलेला असतो तिथं मागं-पुढं दोन-तीन इंचाचीच पट्टी उरलेली असते, उचलताना तिथंच तडकतो. म्हणजे कपाटं बदलायला निघालात तरी ओटा बदलायची तयारी ठेवूनच निघायचं. हे त्या माणसानं आपणहून सांगितलं नाही, मेस्त्रीनं सांगितलं.

तर मेस्त्री. खानापूरकडचा माणूस, माझ्या जावेच्या घरी देवघर केलं होतं त्यानं, तिथनं नंबर मिळाला. येताना टेपच्या आधी टॉर्च आणि जुना स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढला, आणि मला म्हणाला, "अक्का, भांडी काढा आधी सगळी, दार बघून काय कळत नाही." अर्धा तास जमिनीवर पालथा पडून एकेक खोकं बघितलं. खालच्या फळीच्या मागच्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हरचं टोक टोचून बघायचा, नुसता ठिपका उठला तर पुढं, आत घुसलं तर खडूनं फुली. बोटानं वाजवून बघायचा, टणटण वाजलं तर बरं, भद्द आवाज आला की प्लायचे पदर सुटलेत. बिजागरीच्या जागचा स्क्रू काढून परत पिळून बघायचा, धरतोय का नुसता फिरतोय. पाठीच्या फळीमागं आणि भिंतीवर वाळवीची मातीची रेघ आहे का तेही बघितलं, ती नव्हती हे नशीब. सिंकखालचं खोकं बघून हसलाच, फळीवरनं बोट फिरवून ओलं बोट मला दाखवलं, "हे अजून फुगूलालंय बघा, मरेपर्यंत फुगणार." सिंकच्या पाईपचा नट कधीपासून थेंब-थेंब गळत होता, फिनेल-साबणाच्या बाटल्यांमागं आम्हाला कधी दिसलाच नाही.

हिशोब असा निघाला की सात खोक्यांपैकी एकाच खोक्यावर फुली, सिंकचं. बाकीची सहा ठणठणीत. आणि गॅसकडची बाजू तर कडप्प्याचीच, दगडाला ना पाणी लागतंय ना वाळवी, तिथं काढायचं काय? फक्त पुढची लाकडी चौकट दोन ठिकाणी सैल होती ती नीट केली. तो शोरूमवाला त्या कडप्प्यासकट सगळं फोडायचे पैसे लावत होता, आता आठवलं तरी हसू येतंय. आपल्याकडच्या जुन्या घरांत निम्म्या ओट्यांखाली कडप्पाच असतो, त्यांनी "नवीन करू का दारंच बदलू" असा प्रश्न पडला तर आधी खाली वाकून आत बघावं एवढंच सांगते.

ग्रॅनाइटचं भय होतं म्हणून सिंकचं खोकं त्यानं ग्रॅनाइट न उचलता बदललं. दोन्ही बाजूंनी जॅक लावून टेकू दिला, सिंक आणि पाईप सोडवले, जुनं खोकं आतच करवतीनं कापून तुकड्यांनी बाहेर काढलं, नवीन खोक्याच्या फळ्या आत सरकवून तिथंच जोडल्या. हे सगळं होईपर्यंत मी श्वास धरून उभी. नवीन तळाची फळी जमिनीपासून चार इंच वर, पीव्हीसी पायांवर, म्हणजे फरशी धुतली तरी पाणी लागणार नाही. हे खोकं साडेसात हजार.

आता दारं. माझ्या डोक्यात आधी स्वस्तातलं होतं, जुन्या दारांवरच नवीन सनमायका चिकटवू. मेस्त्री म्हणाला होतंय, पण जुन्या सनमायक्यावर गोंद धरत नाही, आधी सगळं घासायला पाहिजे, वर वाकलेलं दार वाकलेलंच राहतंय, नुसता कपडा बदलल्यासारखं. शिवाय कडेनं जाडी वाढली की दोन दारांमधली फट जाते आणि दारं एकमेकांना घासतात. आणि ते ऑनलाइन मिळणारं स्टिकरचं रोल, ते तर विचारूच नका, निपाणीच्या आमच्या वन्संनी लावलं होतं, गॅसजवळचं दोन महिन्यांत कोपऱ्यातनं गुंडाळायला लागलं आणि खाली चिकट डिंक राहिला तो अजून खरवडताहेत. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, सागवानाची दारं करा, जन्माची कटकट जाईल. पण अखंड फळीचं दार पावसाळ्यात रुंदीला फुगतंय, चौकट करून आत फळी मोकळी बसवली तरच टिकतंय, आणि तेवढ्या सागवानाचा भाव ऐकून सासूबाईच म्हणाल्या राहू दे.

म्हणून नवीन दारं, १९ एमएमच्या प्लायची. प्लाय मी स्वतः उभी राहून घेतली. मरीन ग्रेड म्हणतात त्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असतो, या मालाचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासलेला असतो, आणि शिक्का शीटवरच असतो म्हणजे कापायच्या आधी बघायचा, तुकडे झाल्यावर काय बघणार. कोल्हापूरच्या दिराचं म्हणणं होतं इकडनं घ्या स्वस्त पडेल, पण तीन शीटसाठी शंभर-सव्वाशे किलोमीटरचं टेम्पोभाडं, कुठलं स्वस्त. तीन शीटचे साडेअकरा हजार गेले. बाहेरनं १ एमएमचा मॅट सनमायका, आतनंही पातळ पांढरा सनमायका. हे आतलं फार महत्त्वाचं आहे, लोक इथंच पैसे वाचवतात. आमची जुनी दारं वाकली ती यानंच, बाहेर सनमायका आणि आत नुसता रंग, मग एक बाजू दमट हवा ओढून घेते, दुसरी नाही, आणि दार पापडासारखं वळतं. बिजागऱ्या सॉफ्ट क्लोज, म्हणजे दार न आपटता हळू मिटवणाऱ्या, एकूण ३८, साधी सोळा दारं दोन-दोननं आणि उंच दोन दारांना तीन-तीन. जुनी स्क्रूची भोकं सैल झाली होती तिथं बांबूच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोकल्या, वाळल्यावर कापल्या आणि बिजागरीची पट्टी अर्धा इंच वर सरकवून नवीन जागी स्क्रू मारला. अजून एकही ढिला नाही.

एक काम त्यानं न सांगता केलं. सिलिंडरच्या कप्प्याच्या दाराला खाली जमिनीलगत दोन लांब फटी पाडल्या. मी म्हटलं झुरळं जातील की ओ. म्हणाला जाळी लावतो, पण फटी पाहिजेतच, गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो, बंद कप्प्यात साठला तर मग बघायलाच नको. खरं आहे की.

मजुरी २४ हजार, ड्रॉवरचे चॅनल, हँडल, सनमायका सगळं धरून ६२ हजार ७०० झाले. त्यात वाढीव धरलेलं नव्हतं ते ऐका. फ्रीजशेजारची खोक्याची उघडी बाजू आणि खालची पट्टी जुन्याच क्रीम रंगाची राहिली, नवीन करड्या दारांशेजारी ती अशी दिसायची जसं नव्या शर्टाला जुनी कॉलर. त्याचे वेगळे अडीच हजार. दारं मोजताना बाजू मोजायच्या राहतात, ही चूक माझीच.

चूक त्याची म्हणाल तर वेळ. पाच दिवस म्हणाला होता, अकरा लागले. मधे तीन दिवस फोनच बंद, नंतर कळलं गावात कुणाचं तरी लग्न होतं. तोवर आम्ही हॉलमध्ये शेगडी मांडून, भांडी बाथरूममध्ये धुवून, मुलगा रोज विचारायचा आज पण खिचडीच का. आणि सनमायका चिकटवल्यावर रात्रभर दाब ठेवायचा असतो, एका दाराला घाई केली, त्याच्या वरच्या कोपऱ्यात बारीक फुगा आहे. बोट लावलं की कळतो, दिसत नाही, पण मला माहीत आहे ना तिथं आहे ते.

आणि दारं बदलून जे होत नाही ते होतच नाही. कोपऱ्यातला आंधळा कप्पा अजून आंधळाच आहे, आत हात घालायला गुडघे टेकावे लागतात, ओटा ३२ इंचाचाच आहे आणि पोळ्या लाटताना माझी कंबर तीच तक्रार करते. ज्यांना मांडणीच बदलायची आहे, सिंक खिडकीकडं न्यायचाय, ओटा वर करायचाय, त्यांनी दारांवर पैसे घालू नयेत, सरळ सगळं काढावं. निम्म्याच्या वर खोक्यांवर फुली पडली तरी मी तेच केलं असतं, कारण जुनं सावरायची मजुरी नव्याच्या जवळ जाते. आमच्याकडं एकाच खोक्यावर पडली.

पावसाळ्यात काय झालं? यंदा जुलैत चार-पाच दिवस ऊनच नव्हतं, भिंतीला हात लावला तर ओला, माझी पिठाची बरणीसुद्धा गुठळली. दारं सरळ. मसाल्याचा एक ड्रॉवर जरा घट्ट झाला होता, श्रावण संपता संपता आपोआप मोकळा झाला. सिंकखालची फळी मी दर रविवारी बोट फिरवून बघते, कोरडी.

मेस्त्रीला पाचपैकी चार. एक कापला तो लग्नाचा नाही, मायक्रोवेव्हशेजारचं वरचं दार पूर्ण उघडत नाही, त्याच्या हँडलला अडतं. बिजागरी बदलायला येतो म्हणालाय, "अक्का, या रविवारी नक्की." तीन रविवार झाले.