सुई की बोट?

घाट लागला की मावसबहिणीला मळमळतं. तिचा प्रश्न: अॅक्युपंक्चर (बारीक सुया टोचणं) करावं, की अॅक्युप्रेशर (बोटाने दाबणं) पुरे?

दोन्ही चिनी वैद्यकातली, शरीरावरचे बिंदूही तेच. 'ची' नावाची ऊर्जा वाहिन्यांतून फिरते अशी मूळ कल्पना. त्या वाहिन्या शरीरशास्त्राला सापडलेल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते.

खर्च: बोट फुकट. सुयांना दर खेपेला पैसे, वर जाण्या-येण्याचा वेळ.

मेहनत: मळमळीचा बिंदू 'नेइगुआन'. मनगटाच्या आतल्या बाजूच्या घडीपासून कोपराकडे स्वतःचीच तीन बोटं आडवी ठेवायची. त्यापुढे दोन शिरांच्या मधोमध (आपण शिरा म्हणतो, असतात स्नायूबंध) अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबायचं. चालत्या गाडीत सुई कोण टोचणार!

पुरावा: शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या बिंदूचा उपयोग चाचण्यांत दिसला आहे, सुईनेही आणि दाबानेही. गाडी लागण्याबाबत मात्र निकाल उलटसुलट. जुन्या पाठदुखीसाठी, डोकेदुखीसाठी अभ्यास जास्त झालेत ते सुयांवर.

धोका: सुई निर्जंतुक, एकदाच वापरायची हवी, हात शिकलेला हवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. दाबाने फार तर काळंनिळं होतं. पण अंगठा-तर्जनीमधला 'हेगू' बिंदू गरोदरपणी टाळतात.

बहिणीला म्हटलं, तू अंगठाच वापर, उलटीची गोळी पर्समध्ये असू दे. ज्याची महिनोन् महिने पाठ धरलेली असेल आणि खर्च झेपत असेल, त्याने सुयांचा विचार करावा.