मागचे शॉकअप घरीच बदलले: 9 महिने आणि 11,000 किलोमीटरनंतर

माहेरी सावंतवाडीला जायचं म्हटलं की आई पर्समध्ये आल्याच्या वड्या टाकते. निपाणी, आजरा ठीक जायचं. आंबोली उतरायला लागलो की ती डोळे मिटून घ्यायची आणि दाणोलीला गाडी थांबवावी लागायची. पूर्वी तिला गाडी लागत नव्हती. आम्ही वयावर ढकललं. दोष गाडीत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, कारण पुढे बसून चालवताना मला काही जाणवतच नव्हतं.

गाडी 2013 ची स्विफ्ट, तेव्हा 82,000 किलोमीटर झालेली. एकदा मीच मागच्या सीटवर बसून घाट उतरलो आणि कळलं. खड्डा गेला तरी मागची बाजू दोन-तीन हेलकावे घेत राहायची आणि वळणावर रस्ता खराब असला की किंचित बाहेर सरकायची. घरी आल्यावर डिकीचा कोपरा जोरात दाबून सोडला. तो वर येऊन एकदम थांबायला हवा. माझा पुन्हा खाली जाऊन वर आला. डावा शॉकअप तेलाने ओला होता आणि त्यावर धुळीचा जाड थर बसला होता. टायरवरून तळहात फिरवला तर लाटा लागत होत्या. आधीच्या सर्व्हिसिंगला गॅरेजवाल्याने ‘अजून चालतील’ म्हणून सांगितलं होतं, याचा राग आजही आहे. मागे माझी आई बसते.

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नाही. शॉकअपच्या आत तेलातून पिस्टन फिरतो, बारीक छिद्रांतून तेल ढकललं जातं आणि स्प्रिंगची उसळी उष्णतेत जिरते. तेल गळलं की स्प्रिंगला आवर घालणारं कुणी उरत नाही. हे इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला सवय होऊन जाते.

गॅब्रिएल कंपनीच्या शॉकअपची जोडी घेतली. एकच बाजू गळत असली तरी दोन्ही बदलावे, नाहीतर एक बाजू घट्ट आणि एक सैल अशी गाडी आणखी विचित्र चालते. सोबत धुळीची टोपणं आणि आतले रबरी बंप स्टॉपही (शॉकअप पूर्ण दाबला गेला तर आदळू न देणारे ठोकळे) नवे घेतले. ते बरं झालं, कारण जुन्या बंप स्टॉपचा हातात भुगा झाला.

बदलण्याचं काम अवघड नाही, पण धोका कुठे आहे ते ठाऊक हवं. मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा काही उपयोग राहत नाही, कारण तो मागच्याच चाकांना लागतो. म्हणून गाडी सपाट फरशीवर, गिअरमध्ये, आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही. लोखंडी घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे पक्के स्टँड, लावायच्याच. मी त्या इथल्या, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून दोन दिवसांसाठी आणल्या.

दुसरी गोष्ट मला आधी नीट कळली नव्हती. शॉकअपच मागच्या ॲक्सलला एका मर्यादेखाली जाऊ देत नाही. तो सोडला की ॲक्सल खाली घसरतो, स्प्रिंग जागेवरून निसटू शकते आणि ब्रेकच्या रबरी पाइपावर ताण येतो. त्यामुळे ॲक्सलखाली दुसरा जॅक अलगद टेकवून ठेवायचा आणि एका वेळी एकच बाजू सोडायची.

खालचा बोल्ट गंजला होता. आदल्या रात्री डब्ल्यूडी-40 मारून ठेवलं, तरी पान्ह्यावर पाइप चढवून जोर लावावा लागला. वरचा नट डिकीच्या आतल्या आवरणामागे आहे. तो फिरवला की दांडीही सोबत फिरते, म्हणून दांडीचं टोक छोट्या पान्ह्याने धरून ठेवायचं. नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडायचा, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. खालचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उतरवल्यावरच. चाकं लोंबकळत असताना आवळला, तर बोल्टभोवतीचा रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

सकाळी नऊला सुरू केलं, दोन वाजता उरकलं. पहिल्या बाजूलाच साडेतीन तास गेले. या गाडीत मागचे शॉकअप बदलून अलाइनमेंट बिघडत नाही, त्यामुळे तो खर्च नाही.

पहिले काही दिवस गाडी कडक वाटली. गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर धक्का आधीपेक्षा स्पष्ट लागतो, आजही लागतो. नवे शॉकअप म्हणजे गादीसारखी गाडी अशी अपेक्षा असेल तर निराशा होईल. फरक आहे तो धक्क्यानंतरच्या क्षणात: एक धक्का, आणि गाडी शांत. मे महिन्यात आंब्याच्या सहा पेट्या आणि चार माणसं घेऊन घाट चढलो तेव्हा मागची बाजू कुठेही बसली नाही की डोलली नाही. पावसात वळणावर ब्रेक दाबताना आता मन घट्ट धरावं लागत नाही, आणि माझ्यासाठी हा फायदा सगळ्यांत मोठा.

दुसऱ्या महिन्यात डावीकडून टक्‌टक्‌ आवाज सुरू झाला, तोही फक्त कमी वेगात, बारीक खड्ड्यांवर. शॉकअप खराब निघाला असं वाटून मी चिडलो होतो. उघडून पाहिलं तर वरची कपासारखी वॉशर मी उलटी बसवली होती आणि रबर नीट दाबलाच गेला नव्हता. उजव्या बाजूचा फोटो काढला होता, डाव्या बाजूचा नाही. वॉशर सुलटी केली, आवाज गेला. सोडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा.

टायर मात्र वाचले नाहीत. एकदा लाटा पडल्या की त्या जात नाहीत. गुणगुण येत राहिली आणि जूनमध्ये मागचे दोन्ही टायर बदलले. शॉकअप वर्षभर आधी बदलले असते तर हा खर्च टळला असता.

गणपतीला पुन्हा सावंतवाडीला गेलो. आल्याची वडी आईने आजऱ्यालाच खाल्ली, सवय आहे तिची. दाणोलीला मी आपसूक गाडी बाजूला घेऊ लागलो, तर मागून म्हणाली, “थांबतोस कशाला? चल की.”

परवा चाकं काढून पाहिली. दोन्ही शॉकअप कोरडे आहेत, टायर सपाट झिजतायत. पुढचे दिवाळीनंतर करायचे आहेत, पण ते घरी नाही. तिथे दाबलेली स्प्रिंग शॉकअपवरच बसवलेली असते आणि ती सोडवायची अवजारं माझ्याकडे नाहीत.