विदर्भातील खेड्यासाठी एलईडी बल्ब: बाजारातील स्वस्त बल्ब की चांगल्या ड्रायव्हरचा?

गावातील घरासाठी एलईडी बल्ब घेताना साधारणपणे दोन पर्याय समोर असतात: आठवडी बाजारात तीस-चाळीस रुपयांना मिळणारा, हातात घेतला तर अगदी हलका लागणारा बल्ब, आणि तालुक्याच्या दुकानात पावतीसह शंभर-सव्वाशे रुपयांना मिळणारा बल्ब. दोन्ही ९ वॅटचे असतील, तर रोज सहा तास लावल्यास प्रत्येकाला वर्षाला सुमारे २० युनिट वीज लागते. विजेच्या बिलात फरक पडत नसल्यामुळे आपल्या लाईनवर आणि आपल्या उन्हाळ्यात कोणता बल्ब टिकेल, एवढाच प्रश्न खऱ्या अर्थाने उरतो. डब्यावरील २५,००० तास हा आकडा येथे फारसा उपयोगाचा नाही, कारण तो सुमारे २५ अंश तापमान आणि स्थिर वीजपुरवठा गृहीत धरून दिलेला असतो.

स्वस्त बल्बमध्ये बहुधा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे लाईनच्या विजेतून चिपला योग्य तेवढाच प्रवाह देणारा भाग, नसतो. ज्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर प्रकाश देणाऱ्या चिप बसवलेल्या असतात, तिच्यावरच एक लहान आयसी जोडलेली असते. दुकानदार याला डीओबी (ड्रायव्हर ऑन बोर्ड) म्हणतात. ही आयसी प्रवाह मर्यादित ठेवते खरी, परंतु जास्तीचे व्होल्टेज ती उष्णतेच्या रूपात जाळते, आणि २३० ऐवजी २७० व्होल्ट आले की ती सारी उष्णता त्याच चकतीवरून चिपपर्यंत पोहोचते. चिप एकापुढे एक अशा सिरीजमध्ये जोडलेल्या असल्याने एक जळाली की पूर्ण बल्ब बंद पडतो. विझलेल्या बल्बचे पांढरे झाकण काढल्यावर एखाद्या चिपवर दिसणारा काळा ठिपका हीच खूण होय. व्होल्टेज उतरले, तर हाच बल्ब मंद होतो किंवा विझतो.

चांगल्या बल्बमधील ड्रायव्हर व्होल्टेज चढले की लाईनवरून कमी प्रवाह ओढतो आणि चिपला मात्र तेवढाच प्रवाह देत राहतो. त्याच्या डब्यावर १०० ते ३०० व्होल्टसारखी मर्यादा आणि २.५ किंवा ४ किलोव्होल्टचे सर्ज संरक्षण, म्हणजे अचानक येणाऱ्या झटक्यापासूनचे संरक्षण, छापलेले असते. आपल्याकडे या दोन आकड्यांना फार महत्त्व आहे. जेथे गावाची आणि वावरातील मोटारींची डीपी (रोहित्र) एकच आहे, तेथे ओलिताच्या दिवसांत मोटारी सुरू असताना व्होल्टेज खाली बसते आणि त्या एकदम बंद झाल्या की उसळते. शिवाय रोहिणी आणि मृगातील वादळांत वीज जवळपास पडली, तरी तिचा झटका तारांवरून घरात येतो. मीटरपर्यंतची तार लांब असलेल्या घरासाठी मी तरी चांगल्या ड्रायव्हरचाच बल्ब सुचवेन.

तथापि महाग बल्ब सर्व ठिकाणी सरस ठरत नाही. त्याच्या ड्रायव्हरमध्ये बहुधा इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेला) कपॅसिटर असतो, आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. चंद्रपूर किंवा अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. अशा वेळी टिनाच्या छताला लागून, बंद काचेच्या गोळ्यात लावलेल्या बल्बमधील कपॅसिटर लवकर सुकतो. तेथे बल्ब उघड्या होल्डरमध्ये, छतापासून हातभर खाली टांगणे हा किमतीपेक्षा मोठा उपाय आहे. मोठ्या खोलीत एका जास्त वॅटच्या बल्बऐवजी ९ वॅटचे दोन बल्ब लावल्यास उष्णता विभागली जाते.

घरातील जागेनुसार माझे मत असे आहे. रोज रात्री लागणाऱ्या सपरीत, स्वयंपाकघरात आणि मुलांच्या अभ्यासाच्या जागी चांगल्या ड्रायव्हरचा बल्ब घ्यावा. न्हाणीघर किंवा कोठीची खोली, जेथे दिवसाला पंधरा मिनिटे दिवा लागतो, तेथे स्वस्त बल्ब पुरेसा आहे. मात्र दोन्हींवर आयएस १६१०२ हे मानक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला आहे की नाही, हे पाहूनच पैसे द्यावेत. हमीचा बल्ब घेतल्यास खरेदीची तारीख पेनाने त्याच्या बुडाशी लिहून पावती जपावी.

एकाच होल्डरमधील बल्ब वारंवार जात असेल, तर नवा घेण्याआधी होल्डर बदलावा, कारण सैल पिनांमध्ये ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगीचा धक्का ड्रायव्हर सोसतो. साऱ्या घरातील बल्ब एकाच वेळी उडाले, किंवा आपले दिवे अचानक प्रखर आणि शेजाऱ्यांचे मंद झाले, तर न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सैल झाला किंवा तुटला असण्याची शक्यता मोठी आहे. त्या स्थितीत घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात आणि ३०० व्होल्टची मर्यादा असलेला बल्बही तगत नाही. ताबडतोब मेन स्विच बंद करावा, लाईनमनला बोलवावे आणि डीपीपासून मीटरपर्यंतचे जोड तपासून होईपर्यंत एकही नवा बल्ब लावू नये.